पोरांना घाबरवून व्यसन थांबतं का?

शाळेतला व्यसनविरोधी कार्यक्रम कसा असतो ते मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हॉलमध्ये कोंबलेली पोरं, प्रोजेक्टरवर काळंठिक्कर पडलेलं फुफ्फुस, मग खराब झालेलं लिव्हर, मग एखाद्या अपघाताचा फोटो, पाहुण्यांचं लांबलचक भाषण आणि शेवटी सगळ्यांनी मिळून शपथ. पुढच्या रांगा गंभीर चेहरा करून बसतात, मागच्या खिदळतात, आणि ज्या दोन-चार पोरांसाठी हा सगळा घाट घातलेला असतो ती बरोबर त्याच दिवशी गैरहजर असतात. फोटो मात्र छान येतात. पालक म्हणून असले कार्यक्रम इतके बघितलेत की आता तोंड उघडून बोलावंसं वाटतं, की अहो यातून काही होत नाही. आणि हे काही मी वैतागून म्हणत नाहीये, हे मोजून झालंय.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी मिळून 'डेअर' नावाचा प्रोग्रॅम काढला. युनिफॉर्ममधला पोलिस वर्गात यायचा, ड्रग्ज किती वाईट ते सांगायचा, नाही म्हणायला शिकवायचा. पालक खुश, शाळा खुश, पोलिस खुश, टी-शर्ट निघाले, गाड्यांवर स्टिकर लागले, बघता बघता देशभर पसरला. मग संशोधकांनी हा प्रोग्रॅम झालेली पोरं आणि न झालेली पोरं यांची तुलना करायला घेतली, एका अभ्यासात तर दहा वर्षांनी त्याच पोरांना परत गाठून विचारलं, आणि दारू, सिगारेट, गांजा कशातच म्हणण्यासारखा फरक सापडेना. शेवटी डेअरवाल्यांना अख्खा अभ्यासक्रम बदलावा लागला. नंतर १९९८ ते २००४ या काळात अमेरिकन सरकारने टीनएजर्ससाठी ड्रग्जविरोधी जाहिरातींची मोठी मोहीम काढली, जवळजवळ १०० कोटी डॉलर मंजूर झाले तिला, टीव्ही लावला की जाहिरात. त्याचाही हिशोब झाला, तर फायदा दिसला नाहीच, उलट ज्यांनी जास्त जाहिराती पाहिल्या त्यांच्यातल्या काहींचा गांजाकडे कल थोडा वाढल्याची चिन्हं दिसली. म्हणजे पैसे घालून उलटा धंदा.

असं का झालं असेल? एक कारण मला फार पटतं. सतत 'ड्रग्ज घेऊ नका, ड्रग्ज घेऊ नका' कानावर आलं की पोरगं काय समजतं, की अरे म्हणजे सगळेच घेतायत वाटतं, मीच एक मागे राहिलोय. १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की मुलांना आपल्या आजूबाजूचे जेवढं पितात असं वाटतं ते प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त असतं. शाळकरी पोरांचंही तेच, वर्गातला एक जण पार्टीचा व्हिडिओ टाकतो आणि बाकीचे तीस जण जे घरी गप्प झोपलेले असतात त्यांचा कुठे व्हिडिओ असतो? ते दिसतच नाहीत. त्यामुळे 'आजची तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात' असली वाक्यं स्टेजवरून मारणारा माणूस नकळत पोरांना सांगत असतो की हे करणं नॉर्मल आहे. त्यापेक्षा 'तुमच्यातले बहुतेक जण हे करत नाहीत' एवढं खरं-खरं सांगितलं तरी बरं, आणि ते आपल्याच शाळेत निनावी सर्व्हे करून आकड्यानिशी सांगितलं तर फारच बरं. फक्त आकडा खरा पाहिजे, पोरांना फेकलेला आकडा लगेच कळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जविषयक ऑफिसने २०१३ मध्ये प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली, २०१८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली. त्यात शाळेत काय केल्याने उपयोग होत नाही किंवा नुकसान होतं त्याचीही यादी आहे आणि ती वाचताना हसू येतं कारण आपला ठरलेला कार्यक्रम जसाच्या तसा त्यात आहे, एकतर्फी लेक्चर, नुसती माहिती देणं, घाबरवणं, आणि पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाला स्टेजवर आणून त्याची कहाणी ऐकवणं. हे शेवटचं वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण ती कहाणी मोठ्यांना रडवते ना! पण पंधरा वर्षांच्या पोराच्या नजरेने बघा. समोर एक माणूस उभा आहे, त्याने सगळं करून बघितलं, भन्नाट किस्से आहेत त्याच्याकडे, आणि आता तो ठणठणीत आहे आणि लोक टाळ्या वाजवतायत. पोराच्या डोक्यात काय राहणार? की बाहेर पडता येतं. त्या माणसाबद्दल मला पूर्ण आदर आहे, त्याची जागा मोठ्यांसमोर आहे किंवा जे आधीच अडकलेत त्यांच्यासमोर आहे, शाळेच्या हॉलमध्ये नाही एवढंच.

आणि मुळात पोरांना माहिती कमी नसते हो. दारूने लिव्हर खराब होतं हे सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल. प्रश्न त्या क्षणाचा असतो. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची ते ठरवायचं. टीनएजर एकटा असताना एका प्रकारे खेळायचा आणि नुसते दोन मित्र शेजारी उभे केले की जास्त धोका पत्करायचा, मोठ्या माणसांच्या खेळात मात्र मित्र असले नसले तरी फरक पडला नाही. म्हणजे पोरगं तेच, अक्कल तीच, फक्त आजूबाजूला कोण आहे ते बदललं. मेंदूचा जो भाग ब्रेक लावायचं काम करतो तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो, आणि मजा-थ्रिल ओळखणारा भाग मात्र आधीच जोरात सुरू झालेला असतो. आता या पोराला तुम्ही सकाळी दहा वाजता हॉलमध्ये एकट्याच्या डोक्याने विचार करायला लावलात आणि निर्णय मात्र त्याला रात्री गच्चीवर पाच मित्रांमध्ये घ्यायचाय, तर त्या भाषणाचा काय उपयोग.

म्हणून जे प्रोग्रॅम थोडंफार चालतात असं दिसलंय ते दिसायला फार कंटाळवाणे असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांचं लाइफ स्किल्स ट्रेनिंग घ्या, एक दिवसाचा इव्हेंट नाही, दोन-तीन वर्षं वर्गात तासामागून तास, त्यात ड्रग्जविषयी बोलणं कमीच आणि राग आला की काय करायचं, टेन्शन कसं हाताळायचं, ग्रुपमध्ये सगळे हो म्हणत असताना आपण वेगळं कसं बोलायचं याची चक्क प्रॅक्टिस. तोंडाने बोलून, नाटक करून, परत परत. कारण 'नाही म्हण' हे सांगणं सोपं आहे, पण नाही कसं म्हणायचं? पोराला तोंडावर वाक्यं लागतात. 'उद्या मॅच आहे', 'माझी आई वास घेते यार, डेंजर आहे', 'औषध चालू आहे', काहीही. माझ्या मुलाला मी सांगून ठेवलंय की माझं नाव बिनधास्त वापर, मला व्हिलन कर, माझं काही जात नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, "आई, तू विचित्र आहेस." असेन.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांचं काम मला यातलं सगळ्यात डोकेबाज वाटतं. त्यांचं म्हणणं असं की सगळी पोरं एकाच कारणासाठी पीत किंवा ओढत नाहीत, तर सगळ्यांना एकच भाषण का? त्यांनी चार स्वभाव पकडले. एक थ्रिल शोधणारं पोरगं, एक विचार न करता उडी मारणारं, एक ज्याला सतत धडधडतं आणि घाबरायला होतं ते, आणि एक आतून निराश असलेलं, ज्याला कशातच काही अर्थ वाटत नाही. शाळेत छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि मग त्या-त्या स्वभावाच्या पोरांबरोबर लहान ग्रुपमध्ये एक-दोन वर्कशॉप घ्यायची, ड्रग्जवर कमी आणि स्वतःच्या स्वभावावर जास्त. अनेक देशांतल्या चाचण्यांमध्ये याचा फरक दिसलाय. विचार करा ना, घाबरणाऱ्या मुलीला दारू म्हणजे चार लोकांत तोंड उघडायची सोय आहे आणि थ्रिलवाल्याला तीच दारू म्हणजे फक्त शनिवारची धमाल. काळं फुफ्फुस दाखवून दोघांच्याही प्रश्नाला तुम्ही हात लावला नाहीत. उलट थ्रिलवाल्याला 'हे जीवघेणं आहे' म्हणालात की तो म्हणतो, अरे वा.

आता आइसलँड. या विषयावर बोलणारा प्रत्येक माणूस आइसलँडवर येतोच, मीही आले. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के जण मागच्या महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन तर्र झालेले होते, २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, कधी ना कधी गांजा ओढलेले १७ वरून ७ टक्क्यांवर. त्यांनी केलं काय, तर भाषणं नाही केली. कायद्याने १३ ते १६ वर्षांच्या पोरांना हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर फिरायला बंदी, दारू विकत घ्यायचं वय २०, सिगारेटचं १८, शाळेनंतर खेळ, संगीत, नाच यांचे क्लब आणि त्यांची फी भरायला नगरपालिकेकडून मदत, आणि पालकांचे आपापसात करार की कुणाच्याही घरी मोठ्यांशिवाय पार्टी नाही. शिवाय ठरावीक काळाने सर्व्हे आणि त्याचे निकाल त्या-त्या गावाला आणि शाळेला परत दिले जायचे, म्हणजे 'आमच्याकडे असलं काही नाही' असं कुठल्या मुख्याध्यापकाला म्हणायची सोयच नाही.

हे सगळं जसंच्या तसं घेऊ नका, कारण त्याच वर्षांमध्ये युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतही टीनएजर्सचं पिणं कमी होत गेलं, सगळं श्रेय क्लबांना देता येणार नाही. शिवाय देश छोटा, पैसेवाला. पण इतकी मोठी घसरण इतरांकडे नव्हती, आणि त्यातला एक मुद्दा कुठेही लागू पडतो, तो म्हणजे शाळा सुटल्यापासून मोठी माणसं घरी येईपर्यंतचे तीन-चार तास. ते तास कुणाचेच नसतात. त्या वेळात पोराला कुठेतरी असायला हवं, जिथे त्याची वाट बघणारे लोक आहेत, तो नाही आला तर कुणीतरी विचारतं. (आणि याचा अर्थ अजून एक ट्यूशन लावा असा कृपया काढू नका. रात्री अकरापर्यंत पिळून काढलेलं, झोप न झालेलं पोरगं ही काय सुरक्षित गोष्ट आहे का? परीक्षेच्या टेन्शनमध्ये जागं राहण्यासाठी दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या घेणारी हुशार पोरंपण असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही कारण मार्क चांगले पडतात.)

घरातला एक लाडका समज आहे तो पण काढून टाकूया. 'आमच्यासमोर थोडी घेऊ दे, म्हणजे उत्सुकता संपेल आणि बाहेर जाऊन पिणार नाही.' ऐकायला किती मॉडर्न वाटतं. ऑस्ट्रेलियात जवळजवळ १९०० पोरं आणि त्यांचे पालक सहा वर्षं अभ्यासले, २०१८ मध्ये निकाल छापला, तर आईबाबांनी दारू दिल्याने पोरं वाचतात याचा काही पुरावा मिळाला नाही, उलट त्या पोरांना पुढे बाहेरूनही दारू मिळायची शक्यता जास्त निघाली. दुसरं म्हणजे सुरुवातीचं वय. १९९७ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ज्यांनी १५ च्या आधी प्यायला सुरुवात केली त्यांच्यातले साधारण ४० टक्के आयुष्यात कधीतरी दारूवर अवलंबून झाले, ज्यांनी २० किंवा नंतर सुरू केली त्यांच्यातले साधारण १० टक्के. आता जी पोरं लवकर पितात त्यांच्या घरात आधीच इतर भानगडी असू शकतात, त्यामुळे सगळा दोष वयाचा नाही, पण तरी उशीर करता आला तर तो करावा, एक वर्ष गेलं तरी मिळवलं. 'आयुष्यात कधीही हात लावणार नाही' असली शपथ घेण्यापेक्षा 'आत्ता नाही' हे पोराला जास्त झेपतं असं मला वाटतं.

पालकांना अजून एक गोष्ट कळत नाही ती म्हणजे वस्तू बदलल्यात. आपण अजून सिगारेटचा वास शोधतोय आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, पेन ड्राइव्हसारखं दिसतं, त्याला फळांचा वास येतो, आणि आत निकोटीन भरपूर असू शकतं. खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, पेनकिलर हे सगळं आपल्याच कपाटात असतं, त्याला डीलर लागत नाही, म्हणून कपाटाला कुलूप लावा आणि गोळ्या मोजून ठेवा. थिनर, व्हाइटनर, पेट्रोल हुंगणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहान वयात सुरू होणारं, आणि यात पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, हे घाबरवायला नाही सांगत, खरंच तसं होतं. उत्तर अमेरिकेत तर ऑनलाइन मिळणाऱ्या खोट्या गोळ्यांमध्ये फेंटॅनिल नावाचं अतिशय जहाल पेनकिलर निघतं, ज्याचे २ मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतात, तिथे 'एकदाच ट्राय केलं' याला काही अर्थच उरलेला नाही.

लक्षणांच्या याद्या इंटरनेटवर हजार मिळतील, लाल डोळे, चिडचिड, खोलीचं दार बंद, झोपेची वेळ उलटीपालटी. अहो हे तर टीनएजच झालं! मी यादीपेक्षा बदलाकडे बघते. ज्या खेळावर जीव होता तो अचानक सुटला, जुने मित्र एकदम गायब झाले आणि नवीन मित्रांची नावं सांगता येत नाहीत, घरातले पैसे थोडे थोडे कमी होतायत, मार्कांनी दोन महिन्यांत तळ गाठला. एखादी गोष्ट असली तर काही नाही, चार एकत्र आल्या तर बसून बोलायची वेळ झाली. आणि बोलायचं ते पोरगं नशेत असताना नाही, तेव्हा फक्त सुरक्षित ठेवायचं, बोलणं दुसऱ्या दिवशी, पाणी-जेवण झाल्यावर, आणि पहिला प्रश्न 'कुणी दिलं' हा नको. तो पोलिसांचा प्रश्न आहे. 'त्याने तुला काय बरं वाटतं?' हा विचारून बघा. उत्तर ऐकायला अवघड जातं पण कामाचं मिळतं, झोप येते, विचार बंद होतात, लोक मला घेतात त्यांच्यात. तिथून पुढे मग शाळेतले समुपदेशक, डॉक्टर, जे लागेल ते.

शाळांनी सापडलेल्या पोराला थेट काढून टाकायची जी घाई असते ना, ती मला अजिबात समजत नाही. दिवसाचे सहा-सात तास ज्या एका जागी त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष होतं तिथूनच त्याला बाहेर काढायचं, म्हणजे आता तो दिवसभर कुणाबरोबर असणार? शाळेचं नाव स्वच्छ राहतं, पोरगं गेलं. सरसकट लघवी तपासणीचंही तेच, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शाळांमधल्या अशा रँडम टेस्टिंगला विरोध केलाय, कारण फायद्याचा पुरावा कमकुवत आणि पोरं टेस्टमध्ये न सापडणाऱ्या गोष्टींकडे वळण्याची भीती. विकणाऱ्याला सोडू नका, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण विकणारा आणि पहिल्यांदा झुरका मारणारा यांना एकाच नोटिशीत कसं बसवता?

आणि जी गोष्ट कुठल्याच हॉलमध्ये सांगत नाहीत ती इथे लिहून ठेवते, कारण तिने खरंच जीव वाचतो. मित्र पिऊन पडलाय, उठत नाहीये, तर त्याला 'झोपू दे, उतरेल' म्हणून एकटं सोडायचं नाही. पाठीवर झोपवायचं नाही, कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. कॉफी पाजायची नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही. हलवून पण जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त गॅप पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग थंडगार पडलं असेल, तर ॲम्ब्युलन्स, लगेच, आणि काय-काय घेतलं होतं ते खरं सांगायचं. शेवटचा ग्लास संपल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच असते, म्हणून 'आत्ता ठीक दिसतोय' याला अर्थ नसतो.

पोरं अशा वेळी फोन का करत नाहीत माहितीये? आपल्याला घाबरून. सापडू, घरी कळेल, शाळेत कळेल, काढून टाकतील. आमच्या घरात म्हणून एक करार आहे, रात्री कितीही वाजता, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत फोन केलास किंवा मित्रासाठी केलास तर मी येणार आणि गाडीत एक प्रश्न विचारणार नाही. सकाळी विचारेन. यावर नवऱ्याचं म्हणणं होतं की हे म्हणजे पोराला लायसन्स देण्यासारखं झालं, आमचं यावर बरंच वाजलं, शेवटी तो एवढ्यावर राजी झाला की सकाळच्या बोलण्याला तोही हजर असेल आणि त्याचे परिणाम ठरलेले असतील, फोन काढून घेणं असेल किंवा महिनाभर बाहेर जाणं बंद असेल. ठीक आहे, मला चालतंय. मुलाने विचारलं की मी न घेता फक्त मित्रासाठी फोन केला तर मलापण शिक्षा का, तर त्याला म्हटलं नाही, त्यासाठी शिक्षा नाही. त्याने ते लिहून मागितलं, आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.